बुजवलेलं बावखल

वसईजवळच्या निर्मळला आमच्या वाडीत बावखल होतं, बागेला पाणी देण्यासाठी खणलेलं छोटं तळं. नव्वदच्या दशकात धाकट्या जावेचा तीन वर्षांचा मुलगा त्यात बुडाला. जाऊ फुलं विकायला दादरला गेली होती आणि पोर माझ्यावर सोपवलेलं होतं. मी ओट्यावर मोगरा निवडत बसले होते. मीच त्याला बाहेर काढलं.

महिन्याभरात सासऱ्यांनी माती टाकून बावखल बुजवलं, वर केळी लावल्या. घरात तो विषय काढायचा नाही, असं ठरलं. माझ्या काळजीपोटीच केलं सगळं, तरी मला अजून राग येतो. बावखल गेलं आणि भीती थेट न्हाणीघरात आली. बादलीत पाणी पडलं की श्वास अडकायचा, हाताला ओल्या सदऱ्याचं वजन जाणवायचं. सासूबाईंनी दृष्ट काढून पाहिली, नवस बोलून पाहिले. पुढे मला मुलगी झाली, तिला आंघोळ घालणं काही जमेना. ती घालायची जाऊ. एक अक्षर न बोलता. त्या लाजेने मी पार थकून गेले होते.

मुलगी चार वर्षांची झाल्यावर नवऱ्याने मला वसईतल्या एका समुपदेशक बाईंकडे नेलं. काय हवंय, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, पोरीला माझ्या हाताने न्हाऊ घालायचंय, बाकी काही नको.

त्या म्हणाल्या, "तुम्ही तो दिवस आठवत नाही, रोज पुन्हा भोगताय. पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगा."

मी दर आठवड्याला तेच सांगत राहिले. वैताग यायचा, घरी आल्यावर अंग मोडून यायचं. एकदा तर जायचंच सोडून दिलं होतं. परत गेले, मग त्यांच्या सांगण्यावरून घरी आधी वाटीभर पाण्यात हात, मग तांब्या, मग बादली. भीती गेली नाही, पण ओसरेपर्यंत थांबायला शिकले.

एका रविवारी सकाळी पोरीला पाटावर बसवलं आणि पहिला तांब्या ओतला. जाऊ दाराशी येऊन उभी राहिली.

"वहिनी," ती म्हणाली, "त्या दिवशी तो काही बोलला होता का गं? इतकी वर्षं विचारायचं होतं. तुला त्रास होईल म्हणून सगळ्यांनी मला गप्प बसवलं."

मी तांब्या खाली ठेवला नाही.

"आई कधी येणार, म्हणून विचारत होता," मी म्हटलं. "मी सांगितलं, येईलच आता."