उंबऱ्याबाहेरचा भाई

‘मग पुढं काय झाला?’ सिनेमा संपला की चाचांचा हा प्रश्न ठरलेला. शेवट झाला, हे त्यांना कधी पटतच नसे.

मी शिकवतो रोह्याला, राहतो पेणला. पेणमधल्या एका वाचनालयाच्या माडीवर आम्ही काहीजण रविवारी सिनेमे दाखवायचो. धरमतरच्या खाडीत मालवाहू बार्जवर उभी हयात काढलेले चाचा शेवटच्या खुर्चीवर बसत आणि त्यांचा कुत्रा खाली जिन्याशी. कुत्र्याला ते ‘भाई’ म्हणत. भाईला घरात मज्जाव, ओट्यावर मात्र त्याचंच राज्य. नमाजाआधी हातपाय धुताना चाचा त्याला बजावत, ‘लांब बस, भाई. तुझ्यापायी पुन्हा धुवाया लागंल.’ अशी माणसं तुमच्याही आळीत असतील. लाड करतील, पण कबूल करणार नाहीत.

एकदा मी कुणालाच ठाऊक नसलेला एक फ्रेंच लघुपट लावला. एक म्हातारा आणि त्याचा कुत्रा, संवाद जवळजवळ नाहीतच. कुत्रा पलंगावर चढला तेव्हा चाचा म्हणाले, ‘ह्यानं पार डोक्यावर बसवलाय.’ सगळे हसले. शेवटी म्हातारा गाडीत बसून जातो, कुत्रा फाटकाशी उरतो.

‘मग कुत्र्याचा काय झाला?’

‘सिनेमा संपला, चाचा.’

‘कुत्रा हाय ना अजून.’

जिना उतरताना ते हळूच म्हणाले, ‘पोरं दोहाला बोलावतात. कायमचा. तुमच्याकडं अंगण हाय, सर.’

‘घरी विचारतो,’ मी म्हणालो. घरी विचारण्यासारखं काही नव्हतं. मला जबाबदारी नको होती, एवढंच. त्यानंतर चाचा रविवारी यायचे थांबले. त्यांची रिकामी खुर्ची मला बघवेना. शेवटी मीच त्यांच्या ओट्यावर गेलो.

‘भाईला मी नेतो.’

‘बायको काय म्हणली?’

‘विचारलंच नव्हतं.’

‘ठाऊक हाय,’ चाचा हसले. ‘बसा. चाय घ्या.’

आता दर शुक्रवारी दोहाहून व्हिडिओ कॉल येतो. आवाज ऐकून भाई मोबाइलच्या मागं जाऊन हुंगतो. परवा चाचा म्हणाले, ‘तिकडं थंडी पडली असंल. आत घ्या त्याला. तुमच्यात चालतं.’

मी दार सताड उघडलं, कोपऱ्यात गोणपाट अंथरलं, हाका मारल्या. भाई उंबऱ्यापर्यंत आला, गोणपाटाकडं पाहिलं, आणि रस्त्याकडं तोंड करून बाहेरच बसला.