बाईंसाठी गाडी: निळी की काळी?

आमच्या मंडळींपैकी कोणी काही विकत घ्यायला निघालं, की वस्तू यायची तेव्हा येते. किस्से मात्र पहिल्या दिवसापासून जमायला लागतात. माझ्या सायकलीचे आहेत, गवई वकिलांच्या रेडिओचे तर विचारूच नका. पण बाईंच्या गाडीची सर कशालाच नाही!

बाई म्हणजे डॉक्टर इंदिराबाई. अमरावतीत त्यांचा बाळंतपणाचा दवाखाना होता. संध्याकाळी तिथल्या ओसरीवर आम्ही तिघं हटकून असायचो: गवई वकील, भातकुलीकडचे शेतकरी नामदेवराव आणि शाळेत सायन्स शिकवणारा मी. गोष्ट साठ सालानंतरची. नवी मोटार तेव्हा नंबर लावूनही वर्षानुवर्षं मिळत नसे. घ्यायची तर जुनीच.

आणि बाईंना ती हवीच होती. आदल्या पावसाळ्यात भातकुलीपलीकडच्या एका खेड्यातून बोलावणं आलं. एसटी निघून गेलेली. आधी टांगा, मग चिखलातून बैलगाडी असं करत बाई पोचल्या. आई वाचली, बाळ गेलं. त्यानंतर बरेच दिवस बाई ओसरीवर फिरकल्याच नाहीत. आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मले गाडी पायजे. रंग उडाला असन तरी चालते. पन बोलावणं आलं की चालू झाली पायजे!"

त्या दिवशी कोणी चेष्टा केली नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र आम्ही तिघंही मोटारीतले जाणकार झालो.

*

दोन गाड्यांचा पत्ता लागला. दोन्ही छोट्या. एक निळी, बडनेऱ्याच्या बापूसाहेबांची. दुसरी काळी, अकोल्याच्या खानसाहेबांची. त्यांची लाकडाची वखार होती. बाईंना दवाखाना सोडता येईना, म्हणून पाहणी आमच्याकडे आली.

निळी पाहून आमचे डोळेच दिपले. बापूसाहेबांनी बटण दाबलं आणि इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू! आवाज तर इतका कमी, की नामदेवरावांनी विचारलं, "चालू झाली का?"

मी लायब्ररीतून इंजिनावरचं एक पुस्तक आणून वाचून काढलं होतं. इंजिन थंड असताना ते कसं सुरू होतं ते पाहावं, असं त्यात होतं. मी ऐटीत बॉनेटवर हात ठेवला. चांगलं गरम लागलं.

"बापूसाहेब, गाडी आत्ताच चालवली होती का?"

"नाई जी! ऊन केवढं हाये, सर!"

ऊन होतं खरं. अमरावती-बडनेऱ्याच्या उन्हाबद्दल शंका कोण घेणार? मी मान डोलावली. गाडी शेडमध्ये उभी होती, हे परत येताना बसमध्ये ध्यानात आलं!

*

गवई वकील म्हणाले, गाडीला काय विचारता, मालकाची उलटतपासणी घ्या. पुढच्या रविवारी ते स्वतः बडनेऱ्याला गेले आणि बापूसाहेबांना अंगणातच साक्षीदारासारखं उभं केलं.

"गाडी रस्त्यात कधी बंद पडली?"

"कधीच नाई!"

"धक्का मारावा लागला?"

"रस्त्यात? एकदाबी नाई!"

"शेवटची बाहेर कधी काढली?"

"दसऱ्याले. पूजा केली, हार घातला, फाटकापर्यंत आणली आन् मंग शेडमंधी ठेवली."

वकील खूश होऊन परतले. "साक्षीदार जरासुद्धा डगमगला नाही! आणि गाडी किती जपून वापरली आहे पाहा!"

*

काळी पाहायला आम्ही तिघंही अकोल्याला गेलो. तिचा रंग मूळचा काळाच होता की धुरानं झाला होता, हे शेवटपर्यंत कळलं नाही. खानसाहेबांनी समोरून इंजिनात हँडल घातलं, फिरवलं, आणि गाडी खोकली. परत फिरवलं. मग असा काही धडधडाट झाला, की गल्लीतली कुत्री उठून गेली.

गाडीत बसून आम्ही बाजारातून चक्कर मारली. लोक लांबूनच बाजूला होत होते. वकिलांनी विचारलं, "हॉर्न नाही का?"

"हॉर्न काहून पायजे? लोकायले आदीच समजते!"

नामदेवराव मोटारीला बैलासारखंच पारखत. बाजारात बैल पाहावा तशी त्यांनी गाडीला प्रदक्षिणा घातली, मागच्या चाकाशी उकिडवे बसले, थाप मारली. नंतर कोणी काही बोलू नये म्हणून हात वर केला आणि आमचा चहा होईपर्यंत नुसते तिच्याकडे बघत बसले. बैल उभा कसा राहतो, त्यावरून कळतं म्हणे. चहा झाला तेव्हा गाडीखाली तेलाचा डाग पडलेला होता.

"खानसाहेब, हे तं उभ्या उभ्या गळून राह्यली!"

"गळते ना जनाब. रोज गळते, रोज भरतो. आपुन कायले लपवाचं?"

असा विकणारा मी पाहिला नव्हता. येताना आमचं तिघांचं एकमत झालं. निळी! मला त्या गरम बॉनेटची आठवण मधूनमधून होत होती. पण पॅसेंजरच्या डब्यात एवढं एकमत झालेलं, ते कोण मोडणार?

*

निकालाच्या दिवशी दोन्ही गाड्या दवाखान्याच्या अंगणात उभ्या होत्या. निळीला हार. बापूसाहेब पेढेच घेऊन आलेले. काळीखाली खानसाहेबांनी आपणहून एक डबा ठेवला होता. वकिलांनी आमचा निकाल भाषण करून ऐकवला.

बाई हात पुसत बाहेर आल्या. सगळं शांतपणे ऐकलं. बॉनेट उघडलं नाही, बटण दाबलं नाही. खानसाहेबांना म्हणाल्या, "तुमच्या घरी कोनाले दवाखान्यात न्यायचं झालं तं कशात नेता जी?"

"हिच्यातच, बाई. घरच्यायले बी आन् गल्लीतल्यायले बी. म्हनून तं शिटा अशा खराब झाल्या."

बाई बापूसाहेबांकडे वळल्या. "बापूसाहेब, नातू कसा हाये?"

"एकदम मस्त! तुमचीच कृपा!"

"मागच्या महिन्यात तुमी सरूले बाळंतपणाले घेऊन आले, तवा पोरगी टांग्यातून उतरली. कळा सुरू झालेल्या, बडनेऱ्यापासून सारा रस्ता हिसके खात आली बिचारी. तवा हे निळी कुठी होती?"

बापूसाहेब पेढ्यांचा पुडा या हातातून त्या हातात घेत म्हणाले, "अवो बाई, पोटची पोरगी हाये ते! तिच्या वक्ताले गाडीवर कसा भरोसा ठेवू?"