थोरलीचं नखुरडं

थोरली सून मोठ्या दवाखान्यात नर्स. अर्धी हयात लोकांच्या जखमा पुसण्यात गेली, पण घरात तिचं कौतुक शून्य. कौतुक सगळं धाकट्या सुनेचं. धाकटी गोड बोलते, धाकटी पाय चेपते, धाकटीच्या हातचा चहा म्हणजे अमृतच जणू. थोरली घरात शिरली की जो दिसेल त्याला हात धुवायला पिटाळते, म्हणून तिचं नाव पडलं साबणबाई. तिचा नुसता जळफळाट व्हायचा.

मग सासूबाईंच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि थोरलीला भाव आला. घरी आणल्यावर जखमेचं ड्रेसिंग तीच करायची. दार लावून घ्यायची, धाकटीला बाहेर ठेवायची. गर्दीने जखमेत जंतू जातात म्हणायची. ते खरंच होतं, पण धाकटीचं उतरलेलं तोंड बघून तिला जे बरं वाटायचं, त्याचा आणि जंतूंचा काही संबंध नव्हता.

आणि नेमकं तिच्याच बोटाला नखुरडं झालं. बोट टम्म सुजलं, आत पू. वरून हातमोजा चढवला तर कुणाच्या बापाला कळणार होतं? तिने चढवलाही. पण मोजा कधी फाटेल याचा नेम नसतो, आणि सासूबाईंची जखम अजून ओली होती. दातओठ खात तिने मोजा काढला आणि धाकटीला हाक मारली.

अंगठ्या काढायला लावल्या, कोपरापर्यंत हात धुवायला लावले. स्वतः दारात उभी राहून एकेक गोष्ट सांगत गेली. धाकटीने जुनी पट्टी अलगद काढली, हात पुन्हा धुतले, नवे मोजे घातले.

"किती हलका हात गं तुझा," सासूबाई तिला म्हणाल्या. "नाहीतर ही. फौजदारच."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात धाकटीने मोज्याच्या हातानेच कपाळावरचे केस मागे सारले आणि तोच हात जखमेकडे नेला.

"थांब," थोरली म्हणाली. "मोजे काढ. हात परत धू."

"केसच तर होते, ताई."

"तिला जरा चांगलं म्हटलं की तुझं सुरू," सासूबाई कडाडल्या. "जळतेस तू तिच्यावर."

धाकटीचा हात तसाच अधांतरी. थोरलीने नाही म्हणायला तोंड उघडलं.

"जळते, आई," ती शेवटी म्हणाली. "पण तू आधी मोजे बदल गं."