वसतिगृहाच्या मुलाखतीला बोरमाळ

हसायचं नाही हं, आधीच सांगते! तुम्ही आपला चहा घ्या. अशी फजिती आमच्या उभ्या पालम गावात कुणाची झाली नसेल.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी मॅट्रिक पास झाले. आमच्या वस्तीतली पहिलीच पोरगी! दादा, म्हणजे माझे वडील, रोजानं कामाला जायचे. म्हणाले, "परभणीच्या बोर्डिंगात जागा अन् फीमाफी मिळाली तर शीक बाई. न्हाई मिळाली तर दिवाळी झाली की तुजं लगीन उरकू. मपली ऐपत तेवढीच हाय."

ते बोर्डिंग मी एकदाच रस्त्यावरून बघितलं होतं. व्हरांड्यात पोरी ओले केस सोडून, पुस्तक हातात घेऊन बसल्या होत्या. तेव्हापासून जीव तिथंच अडकला होता. इतका, की भाकरी टाकताना हात तव्याला लागायचा अन् कळायचंही नाही.

पण मदत मिळायच्या आधी मुलाखत होती. ती कशाशी खातात हे वस्तीत कुणाला ठाऊक? गयाआत्यानं, दादांच्या थोरल्या बहिणीनं, विचारलं, "तितं काय करतेत गं?"

"चार अनोळखी माणसं बसतेत, सवाल करतेत अन् पसंत पडलं तर घेतेत."

आत्यानं मांडीवर थाप मारली. "हात्तिच्या! ह्ये तर मला लय चांगलं ठाऊक हाय!"

अन् मग काय सांगू? तिनं मला पार दाखवायची पोरगी करून टाकली! एकीचं कोरं पातळ. दुसरीची बोरमाळ, पितळेची, पण झळकायची सोन्यासारखी. वेणीत अबोलीचा गजरा. वर ताकीद, "मान वर करायची न्हाई. इचारल्याबिगर बोलायचं न्हाई."

मी मॅट्रिक ना? मला तरी कळायला पाहिजे होतं! पण मी बी कुठं मुलाखत बघितली होती?

एसटीनं आम्ही दोघी परभणीला आलो. आत टेबलामागं दोन साहेब अन् एक चष्मेवाल्या बाई. मी तिघांच्या पाया पडले अन् डोक्यावर पदर घेऊन थेट फरशीवर बसले. समोर ठेवलेल्या खुर्चीत कोण बसलं? आत्या!

"काय काय येतं तुला?" थोरल्या साहेबांनी विचारलं.

मी फरशीकडं बघत, "भाकरी, वरण, शिवण."

"अगं, गणित?"

"गणित लय येतंय," आत्या मध्येच, "पण घरात कुणाला उलटून बोलत न्हाई!"

बाईंना जोराचा खोकला आला.

"बरं, घरची परिस्थिती?"

आता मदत मिळणार ती परिस्थितीवरच. पण पोरगी दाखवताना गरिबी कुणी सांगतं का? आत्या सावरून बसली. "कायबी कमी न्हाई! दोन एकर काळं रान, दुभती म्हैस..."

म्हैस? आमच्याकडं साधी शेळीसुद्धा नव्हती हो!

साहेबांनी बोरमाळीकडं बघितलं अन् पेन खाली ठेवलं. "मग मदत कशाला पाहिजे?"

गेलं बोर्डिंग! मी ताडकन उठले. "साहेब, म्हैस न्हाई! रान न्हाई! बोरमाळ पितळंची अन् पातळ शेजारणीचं हाय! मला शिकायचंय हो!" अन् मोठ्यानं भोकाड पसरलं.

बाईंनी हळूच विचारलं, "आजी, म्हैस कशाला सांगितली?"

आत्या खाली मान घालून म्हणाली, "फाटक्या घरची हाय म्हणलं तर पोरीला पसंत कोण करंल, बाई?"

बाईंनी चष्मा पुसला. "इथं तशाच घरची पसंत करतात, आजी."

मिळाली जागा, फीमाफीसकट! निघताना आत्या म्हणाली, "मला ती खोली तर दावा." लोखंडी खाटेवर ती जराशी आडवी झाली, छताकडं बघत राहिली. "शिकतीस का, म्हणून मला कुणी इचारलंच न्हाई गं," म्हणाली अन् उठून पातळाच्या निऱ्या झटकल्या.

पुढं मी मास्तरीण झाले. मला बघायला खरीखुरी मंडळी आली, तोवर आत्या राहिली नव्हती. त्या दिवशी तिची लय आठवण आली. आजही येते. पदर ओढून मला खाली बसवायला ती पाहिजे होती हो! ती नव्हती, म्हणून मी ताठ खुर्चीत बसले, मार्कशीट अन् उत्पन्नाचा दाखला पाहुण्यांपुढं ठेवला अन् त्यांनी तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं, "आमच्याकडं म्हैस न्हाई!"