जागेचा आवाज

२००४ साल. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा, चौथी पास, आणि आदिलाबादच्या कम्युनिटी कॉलेजचा विद्यार्थी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या... तेव्हाही पुष्कळ लोक हसले होते.

आधी एक सांगून ठेवतो. भूतखेत, भानामती, अंगात येणं — यातलं मी काही मानत नाही. आईनं धम्म घेतला तेव्हा घरातले देवाचे टाक तिनं नदीत सोडले, मी सोबत होतो. गावात कोणाच्या अंगात आलं की मी समोर उभा राहून त्याला तेराचा पाढा विचारायचो. एकालाही आला नाही. तर जे लिहितो आहे ते असा माणूस लिहितो आहे, एवढं ध्यानात ठेवा.

आमचं गाव इचोड्याहून आत, आडरस्त्याला. आमच्या वस्तीच्या मागं एक कोरडी विहीर होती. ती माझ्या बापानं खणायला धरली होती. त्या काळी गावच्या विहिरीला आम्हाला हात लावू देत नव्हते. बाप विहीरखणा होता, जागा त्यानं दाखवली, आणि सगळी वस्ती तीन महिने खपली. बाया टोपल्यांनी दगड वर काढायच्या. अठ्ठावीस हात खाली गेले, काळा पाषाण लागला, पाणी नाही. पेरणी आली तसे लोक एकेक करून निघून गेले. बाप म्हणत राहिला, "एक हात आनखी खांदा. पानी हाये." कोणी आलं नाही. त्यानं एकट्यानं उत्तरेच्या कोपऱ्यात हातभर खळगा केला, मग अंथरूण धरलं, आणि त्याच वर्षी गेला. तेव्हापासून विहिरीचं नाव कोरडी, आणि आम्ही कोरडीवाले. माझ्या लग्नातसुद्धा मला त्याच नावानं हाक मारली लोकांनी.

२००४ मध्ये पंचायतीनं ठरवलं की विहीर बुजवायची, जनावर पडतं. त्याच सुमारास मी कापूस घेऊन आदिलाबादला गेलो होतो, तिथं कॉलेजच्या भिंतीवर कागद पाहिला. रेडिओ-टीव्हीसाठी लिहिणं आणि व्हिडिओ काढणं, शनिवार-रविवार, सहा महिने. आत गेलो तर क्लार्क तेलुगूत म्हणाला, हे तरुण पोरांसाठी आहे. मी म्हणालो, कुठं लिहिलंय दाखव. त्यानं कागद वरून खाली दोनदा वाचला. लिहिलेलं नव्हतं. फॉर्म द्यावा लागला.

घरी बायको म्हणाली, "आता या वयात शाळा? अन् काऊन?"

मी म्हणालो, विहीर बुजायच्या आधी तिला कॅसेटात ठेवतो.

"ठेवा," ती म्हणाली. "बुढ्यानं दगडात पानी पाह्यलं, तुमी आता कॅमेऱ्यात पाहा."

शिकवायला सरिता मॅडम होत्या, निर्मल गावाकडच्या, मराठी समजायची पण बोलायच्या हिंदीत. कागदाच्या मधोमध रेघ मारायची — डावीकडं काय दिसणार, उजवीकडं काय ऐकू येणार. वाक्य लहान. डोळ्याला जे दिसतं ते तोंडानं सांगायचं नाही. लिहिलेलं मोठ्यानं वाचायचं, दम लागला तर तोडायचं. कॉलेज शिकलेली पोरं लांब लांब वाक्यं लिहायची आणि दमायची. मला लांब वाक्य येतच नव्हतं! मॅडम म्हणायच्या, "बाबा बोलते हैं, वैसा लिखते हैं. सीखो." मी घरी येऊन हे बायकोला चारदा सांगितलं.

पण एकदा आमचं बिनसलं. विहिरीच्या स्क्रिप्टात उजवीकडं मी शेवटचं वाक्य लिहिलं होतं — इथं पाणी आहे. मॅडमनी त्याच्यावर लाल रेघ मारली.

"आपको कैसे मालूम?"

"मेरा बाप बोला था."

"तो लिखिए, बाप बोला था. जो मालूम नहीं, वो नहीं लिखना."

मी कागद घडी करून खिशात घातला आणि दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही. त्यांचं बरोबर होतं, म्हणूनच राग जास्त आला.

सोमवारी मुरमाचे ट्रॅक्टर येणार होते, म्हणून शनिवारी आम्ही शूटिंग ठेवलं. माझा जोडीदार राजन्ना, इचोड्यात लग्नाचे व्हिडिओ काढणारा, तिशीतला. मला पेद्दय्या म्हणायचा, म्हणजे मोठे बाबा, आणि वर टोमणेही मारायचा. कॅमेरा त्याचा, माईक आणि हेडफोन माझ्याकडं.

दुपारचे बारा वाजले होते. विहिरीत पार तळापर्यंत ऊन उतरलं होतं, खळगा लख्ख दिसत होता. सगळं काढून झालं. राहिला जागेचा आवाज. मॅडमचा हा नियमच होता — प्रत्येक ठिकाणी शेवटी एक मिनिट सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि नुसती जागा रेकॉर्ड करायची. रिकामी असो, बंद असो, प्रत्येक जागेला आपला आवाज असतो, आणि तो नंतर जोडकामाला लागतो. मी माईकची वायर दोरीला बांधून खाली सोडली, खळग्याच्या हातभर वर. राजन्नानं घड्याळ धरलं. "सायलेंस, पेद्दय्या. तुमालाच सांगतो."

आधी वारा ऐकू आला. कपारीतल्या पारव्याचे पंख. मग...

टक, टक, टक. आणि थांबलं.

मी हेडफोन काढला. काही नाही, ऊन आणि वारा. परत लावला. टक, टक, टक. थांबलं. दगडावर सब्बल, लोखंडी पहार.

वाचकहो, माझ्या बापाचा हात तसाच होता. तीन घाव घालायचा, मग पाषाणाला कान लावायचा. तो कान लावायचा तेव्हा वर काठावर सगळ्यांनी गप्प बसायचं, रडतं लेकरू असलं तर बाई त्याला घेऊन लांब जायची. आई मला पदराखाली दाबून धरायची. हे मी स्क्रिप्टात लिहिलं नव्हतं. कोणाला सांगितलंही नव्हतं, कारण मीच विसरलो होतो.

राजन्ना कॅमेऱ्याच्या पडद्याकडं बघत होता. त्यावर आवाजाच्या पट्ट्या असतात, आवाज आला की उड्या मारतात. त्या तीन उड्या मारत होत्या आणि झोपत होत्या. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग वाकून विहिरीत पाहिलं. विहीर रिकामी होती.

सात वेळा झालं. सातव्यांदा जे थांबलं ते थांबलंच. मग अगदी जवळ, माईकला तोंड लावावं इतक्या जवळ, कोणीतरी दम सोडला. आणि त्याच्या खालून, दगडाच्या आतून, बारीक झिरपण्याचा आवाज आला. पाणी कुठून तरी कुठं तरी जात होतं.

मिनिट संपलं. राजन्नानं हळूच बटण दाबलं. भीती मला वाटली नाही, हे खरं सांगतो. मी डोक्याचा रुमाल कधी काढून हातात घेतला, तेही कळलं नाही.

दुपारच्या बसनं आम्ही आदिलाबादला गेलो. मॅडमनी कॅसेट तीनदा ऐकली. आवाज होता, जसाच्या तसा. दोरी दगडाला लागली असेल म्हणाल्या, मग स्वतःच नाही म्हणून मान हलवली. मग विचारलं, "बीच में रुकता क्यों है?"

मी म्हणालो, "सुन रहा है."

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, झोपलेलं लेकरू ठेवावं तसा. मग म्हणाल्या, "बाबा, वो कागज दीजिए." लाल रेघ मारलेलं वाक्य त्यांनी बराच वेळ पाहिलं. रेघ काही खोडली नाही. कागद मला परत दिला.

राजन्ना पुढं म्हणायचा की कुठं तरी खाण चालू असेल, पाषाणातून आवाज लांब जातो. मी मागाहून सात-आठ गावं फिरून विचारलं. त्या दिवशी कुठंच खाण चालू नव्हती. आणि असती, तरी खाणीतला माणूस तीन घाव घालून कान कशाला लावेल? कॅसेटला दोन पावसाळ्यांत बुरशी धरली. मी शहाण्या-सुरत्या माणसांना विचारलं, पोरांच्या मास्तरांना विचारलं. कोणी मला पटेल असं सांगितलं नाही. मला स्वतःलाही सांगता येत नाही. नाही येत तर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रविवारी, मी क्लास बुडवला — सहा महिन्यांत तेवढा एकच. बापाची सब्बल दाराला टेकू म्हणून लावलेली असायची, ती काढली. बायको विचारत होती, मी दोर खांद्यावर टाकून निघालो. दोर लावून विहिरीत उतरलो आणि खळग्यात घाव घालायला लागलो. तासाभरात काठावर अर्धी वस्ती जमली. कोरडीवाल्याला येड लागलं, उद्या मुरूम टाकून राह्यले अन् हा आज खांदून राह्यला... सगळं खाली ऐकू येत होतं.

तीन घाव घातले. पाषाणाला कान लावला.

वर सगळे गप्प झाले. कोणी सांगितलं नव्हतं.

ऊन तळाला आलं तेव्हा खळगा वीतभर आणखी खोल गेला होता, आणि घावाचा आवाज बदलला. पोकळ. मी परत मारलं आणि सब्बल हातातून निसटून आत गेली. ओढून काढली. दोराला बांधली आणि वर पाठवली. मला वर बघवलं नाही.

काठावर बायकोनं ती सोडवून घेतली. ओल्या टोकावरून बोट फिरवलं. बोट जिभेला लावलं.

"गोडं हाये," ती म्हणाली.