हसनभायची दुसरी बाजू

श्रीवर्धनला बंदराच्या रस्त्यावर माझं रंगाचं दुकान आहे. तिथे दोनच गोष्टी साठत गेल्या, रिकामे डबे आणि हसनभायचे किस्से. डबे दरवर्षी भंगारवाला नेतो. किस्से कोण नेणार?

हसनभाय म्हणजे आमच्या गावचा पेंटर. दुकानांच्या पाट्या, लग्नाच्या भिंती, होड्यांची नावं, सगळं त्याच्याच हातचं. अक्षर असं की बघत राहावं. फक्त ते वेळेवर कधी आलं नाही. "उद्या येतो" हे तो इतक्या प्रेमाने म्हणायचा की समोरचा चिडायचं विसरायचा. मी नाही विसरायचो. पण मला तो रोज चहा पाजायचा, मग काय बोलणार.

* * *

काशीदच्या एका लॉजवाल्याने दिवाळीच्या गर्दीसाठी बोर्ड सांगितला होता. हसनभाय तो घेऊन पोचला, तेव्हा लॉजवाला पावसाळ्यासाठी खिडक्यांना प्लास्टिक ठोकत होता.

"अहो, सीझन संपला की!"

"मग पुढच्या सीझनला सगळ्यात आधी मीच आलो," असं म्हणून हसनभायने प्यायला पाणी मागितलं.

* * *

एकदा मात्र किराणा दुकानाची पाटी खरंच वेळेवर झाली. वाळायला अंगणात ठेवली, आणि शेजारची बकरी तिच्यावर जाऊन बसली. सकाळी दुकानदार उद्घाटनाचे पेढे घेऊन दारात. "पाटी कुठाय?"

हसनभायने बाजाराकडे बोट दाखवलं. "तयार हाय. जरा फिरायला गेलीय."

पिवळी बकरी गावाने बरेच दिवस पाहिली. पाटी त्यानंतर लागली.

* * *

आमच्या आळीतल्या एका लग्नघराच्या भिंतीवर त्याने सुरेख गणपती काढला आणि नवरा-नवरीची नावं उद्यावर ठेवली. वरात आली, तरी जागा कोरीच. पुढे त्याच घरात धाकट्याचं लग्न ठरलं, तर हसनभाय हळदीच्या आधी हजर. "गणपती तयारच हाय. आता नुसती नावं." थोरली सून अजून त्या भिंतीकडे बघून नाक मुरडते.

* * *

आता पांडू नाखव्याचं. पांडू माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याने नवी होडी बांधली, नाव ठेवलं आईचं, 'यमुना'. यमुनाबाईंची नजर जात चालली होती. त्यांना वाचता येणारा एकच शब्द म्हणजे स्वतःचं नाव, सहीपुरतं शिकलेलं. डोळे आहेत तोवर ते होडीवर बघायचं, एवढीच त्यांची इच्छा.

होडी पावसाळाभर किनाऱ्यावर होती. हसनभाय पावसाळाभर उद्या येत होता. कधी ब्रश हरवला, कधी स्कूटर पंक्चर, कधी बहिणीला दवाखान्यात न्यायचं होतं. नारळी पुनवेला होडी पाण्यात गेली, आणि मग हसनभाय डबा डोक्यावर धरून धावत आला. भरती चढत होती. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्याने उजव्या बाजूला नाव लिहिलं. पांडूने आईला हाताला धरून जवळ नेलं. म्हातारीने अक्षरांवरून बोट फिरवलं, ते लाल झालं.

"वलं हाय," ती म्हणाली, "पन माझंच हाय."

पांडूने डोळे पुसले आणि विचारलं, "दुसरी बाजू?"

"उद्या येतो."

त्यानंतर किती पुनवा गेल्या. तपासणीचा साहेब आला की पांडू होडीची उजवी बाजू धक्क्याकडे करायचा आणि सांगायचा, "तिकडं पन असंच हाय, साहेब." मी हसनभायला चहा पिता पिता शिव्या घालायचो. तो हसायचा.

यमुनाबाई गेल्या. गेल्या थंडीत हसनभायही गेला. दुकानात आता चहा मी एकटाच पितो, त्याला चव नाही.

हल्ली नावं पनवेलहून स्टिकरवर येतात, तासाभरात चिकटतात. यंदा होड्या पाण्यात लोटायच्या आधी मीच 'यमुना'चा स्टिकर मागवला आणि किनाऱ्यावर गेलो. डावी बाजू पुसली. म्हटलं, "पांडू, लावून टाकू एकदाचा."

पांडूने स्टिकर उलगडून पाहिला, नीट गुंडाळला आणि माझ्या हातात परत दिला.

"ऱ्हाऊ दे. हसनभाय उद्या येतो म्हनालाय."