दिवाकरची लाही

दिवाकर गेल्याचा फोन त्याच्या घरून वहिनींनी केला, तेव्हा राजुऱ्याच्या आमच्या संगणक वर्गात मी एका पोरीला टायपिंग शिकवत होतो. तिचा धडा संपवूनच उठलो... आता घाई कशाची होती?

वर्ग आम्ही दोघांनी काढलेला. त्या काळी जगभरची माणसं मिळून डेटाबेसचं एक सॉफ्टवेअर फुकटात घडवत होती, कोणीही त्यात कोडची भर घालावी. पासवर्ड सुरक्षित ठेवणारं चांगलं हॅश फंक्शन त्यात नव्हतं. दिवाकरनं ते लिहायला घेतलं.

"म्हणजे काय बे?" मी विचारलं.

"धानाची लाही फोडतो नं, तसं. एका शब्दाची दरवेळी तीच लाही. पण लाहीचं धान करून दाखव."

फंक्शनचं नावही त्यानं 'लाही' ठेवलं.

"गोऱ्यांले काय समजन तुई लाही?"

"खाऊन पाह्यतीन."

त्याचं इंग्रजी कच्चं, म्हणून ते पाठवायची मेल माझ्या पत्त्यावरून गेली. उत्तर आलं. काम त्यांना आवडलं होतं. एवढं नाव बदला, चाचण्या जोडा, आम्ही घेतो.

ते मी त्याला दाखवलं नाही. त्याचं नाव झालं असतं, पुण्या-बंगलोरहून कोणी बोलावलं असतं, आणि राजुऱ्यात मी एकटा उरलो असतो. आज सांगू, उद्या सांगू... मग सांगण्याचीच लाज वाटायला लागली. "आलं का काई?" तो विचारायचा. मी नाही म्हणून मान हलवायचो. पुढं दुसऱ्याच कोणाचं फंक्शन त्या डेटाबेसमध्ये आलं. ते पाहून तो म्हणाला, "माहंच काई चुकलं असन." नंतर त्यानं स्वतःचं असं काही लिहिलं नाही. पोरांना टायपिंग शिकवत राहिला, आणि यंदा काविळीनं गेला.

तेरवीला पंगत बसली असताना वहिनी जवळ आल्या. "भाऊजी, त्याइले उत्तर आलतं का कधी? तापातबी तेच विचारून राह्यले होते."

"नाई," मी म्हणालो.

हे छापून आलं की त्या वाचतील. आधी त्यांच्या दारी जायला हवं होतं. दोनदा निघालो, नाक्यावरून परतलो.

त्याच्या टेबलावरचं मशीन मी अजून रोज सुरू करतो. ते पासवर्ड मागतं. मला तो ठाऊक नाही. पोरं येईपर्यंत मी त्या पडद्यासमोर बसून राहतो...